मनोरा सामाईक, लहरी वेगळ्या

मोबाइल सेवा देणाऱ्या कंपन्या बाजारात एकमेकींच्या प्रतिस्पर्धी असल्या, तरी ज्या लोखंडी मनोऱ्यांवर त्यांचे अँटेना चढवलेले असतात, ज्या बॅटऱ्यांवर त्यांची यंत्रे चालतात आणि पुष्कळदा ज्या जमिनीखालच्या नळ्यांतून त्यांचे ऑप्टिकल फायबर जाते, ती सारी सामग्री त्या मोठ्या प्रमाणावर एकत्र वापरतात; ग्राहकाच्या फोनवर मात्र एकाच कंपनीचे नाव उमटत असल्याने हा सामायिक वापर त्याच्या सहसा लक्षात येत नाही. मुंबईच्या उत्तर सीमेला लागून असलेले मीरा रोड हे उपनगर या व्यवस्थेचा अभ्यास करण्यास विशेष सोयीचे आहे. २०११ च्या जनगणनेनुसार, मीरा रोड ज्यात मोडते त्या मीरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दीत ८,०९,३७८ लोक राहत होते. पालिकेचे क्षेत्र सुमारे ७९ चौरस किलोमीटर असले, तरी त्यातील बराच भाग खाडी, तिवरांची वने, मिठागरे आणि पूर्वेकडच्या डोंगराने व्यापलेला असल्यामुळे वस्ती उरलेल्या जागेत दाटीने वाढलेली आहे. शांतीनगर, नया नगर, पूनम सागर यांसारख्या वसाहतींत इमारतीला इमारत खेटून उभी असल्याने मनोरा उभारायला मोकळी जमीन मिळणे कठीण, आणि म्हणून येथील बहुतेक मोबाइल यंत्रणा गच्च्यांवर गेलेली दिसते.

अशा एखाद्या गच्चीवरची सामग्री नीट पाहिली, तर तिचे दोन भाग पडतात. पहिल्या भागात मनोरा किंवा साधे लोखंडी खांब, यंत्रांच्या पेट्या, वीजजोडणी, प्रत्यावर्ती विजेचे ४८ व्होल्टच्या एकदिश विजेत रूपांतर करणारे उपकरण, बॅटऱ्यांची रांग, जागा असल्यास डिझेल जनित्र, तसेच वीज पडण्यापासून रक्षण करणारी तार आणि कुंपण येते. यातील कोणतीही वस्तू रेडिओलहरी निर्माण करीत नाही, आणि म्हणून या भागाला दूरसंचाराच्या परिभाषेत निष्क्रिय पायाभूत सुविधा म्हणतात. दुसऱ्या भागात अँटेना, अँटेनाच्या पाठीशी बसवलेला रेडिओ संच, त्या संचाला आज्ञा देणारे बेसबँड यंत्र, आणि तेथून पुढे संदेश वाहून नेणारी मायक्रोवेव्ह तबकडी किंवा फायबर येते. ही सक्रिय सामग्री होय. भारतात सामायिक वापराचा जो विस्तार झाला, तो प्रामुख्याने पहिल्या भागात झाला. एका मनोऱ्यावर तीन कंपन्यांचे अँटेना वेगवेगळ्या उंचीवर बसलेले असतात, वीज आणि बॅटऱ्या तिघींना मिळून पुरवल्या जातात, पण प्रत्येकीचा रेडिओ आणि प्रत्येकीच्या लहरी स्वतंत्र राहतात. या लेखाचा मुख्य मुद्दा याच भेदाशी निगडित आहे: मीरा रोडसारख्या दाट शहरी भागात जेव्हा रेंज मिळत नाही, तेव्हा पुष्कळदा तेथे यंत्रणा पोचलेली असते, पोचलेला नसतो तो कंपन्यांमधला करार किंवा त्याला वाट करून देणारा नियम.

हा सामायिक वापर सुरुवातीपासूनचा नाही. मुंबईत १९९५ मध्ये मोबाइल सेवा सुरू झाली, तेव्हा मॅक्स टच आणि बीपीएल मोबाइल या दोन खासगी कंपन्यांना परवाने मिळाले होते आणि दोघींनी आपापली केंद्रे आपापल्या खर्चाने उभारली. त्या काळात कोणत्या भागात कोणाची रेंज आहे, हाच स्पर्धेचा मुख्य विषय असल्याने आपला मनोरा दुसऱ्याला देणे म्हणजे आपला ग्राहक दुसऱ्याला देणे, अशी समजूत होती आणि ती त्या परिस्थितीत चुकीचीही नव्हती. परंतु कॉलचे दर उतरत गेले, ग्राहकांची संख्या वाढत गेली, आणि कंपन्यांचा खर्च मुख्यतः मनोरे, भाडे, वीज आणि डिझेल यांवर होऊ लागला, तेव्हा हिशेब बदलला. १९९९ च्या दूरसंचार धोरणानंतर, २००० मध्ये, केंद्र सरकारने मनोरे, नळ्या आणि अप्रकाशित फायबर भाड्याने देणाऱ्या कंपन्यांसाठी नोंदणीचा स्वतंत्र प्रकार निर्माण केला. ज्या फायबरमध्ये प्रकाशसंदेश सोडणारी यंत्रे बसवलेली नाहीत, ज्याचा नुसता काचेचा धागा भाड्याने दिला जातो, त्याला अप्रकाशित फायबर म्हणतात. या नोंदणीमुळे स्वतः मोबाइल सेवा न देता केवळ मनोरे उभारून ते सर्वांना भाड्याने देण्याचा धंदा शक्य झाला, आणि २००४ मध्ये नवी मुंबईत मुख्यालय असलेली जीटीएल इन्फ्रास्ट्रक्चर ही कंपनी याच धंद्यासाठी स्थापन झाली.

निर्णायक वळण २००७ मध्ये आले. त्या वर्षीच्या अखेरीस भारती (एअरटेल), व्होडाफोन एस्सार आणि आयडिया या तीन स्पर्धकांनी अनेक सर्कलमधील, म्हणजे परवान्यांसाठी आखलेल्या दूरसंचार क्षेत्रांमधील, आपले मनोरे एकत्र करून इंडस टॉवर्स ही संयुक्त कंपनी काढली. तीत पहिल्या दोघींचा वाटा प्रत्येकी ४२ टक्के आणि आयडियाचा १६ टक्के होता. ग्राहकासाठी परस्परांशी लढणाऱ्या तीन कंपन्या आता एकाच घरमालकाच्या भाडेकरू झाल्या, आणि तो घरमालक त्यांच्याच मालकीचा होता. १ एप्रिल २००८ रोजी दूरसंचार विभागाने सामायिक वापराची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर करून निष्क्रिय सुविधांच्या वापराला पूर्ण मोकळीक दिली, अँटेना, बेस स्टेशन (म्हणजे रेडिओ संच आणि बेसबँड यंत्र मिळून होणारे केंद्र) आणि वहनयंत्रणा यांच्या मर्यादित सामायिक वापरालाही वाट ठेवली, परंतु स्पेक्ट्रम, म्हणजे लिलावात किंवा परवान्यासोबत मिळालेला लहरींचा पट्टा, वाटून घेण्यास मनाई कायम ठेवली. त्याच सुमारास ग्रामीण भागात सार्वत्रिक सेवा निधीच्या अर्थसाह्याने सात हजारांहून अधिक मनोरे उभारण्याची योजना सुरू झाली होती, आणि त्या प्रत्येक मनोऱ्यावर तीन कंपन्यांना जागा देण्याची अटच घालण्यात आली होती.

मनोऱ्याच्या धंद्याचे अर्थशास्त्र समजण्यास सोपे आहे. मनोरा उभारण्याचा बहुतेक खर्च पहिल्याच भाडेकरूसाठी होऊन जातो; दुसऱ्यासाठी थोडे अधिक लोखंड, थोड्या अधिक बॅटऱ्या आणि विजेचा वाढीव भार एवढाच खर्च येतो, त्यामुळे दुसऱ्या भाडेकरूकडून येणाऱ्या भाड्याचा मोठा भाग नफ्यात जमा होतो आणि त्यातला काही हिस्सा सवलतीच्या रूपाने पहिल्याला परत देता येतो. एका मनोऱ्यावर सरासरी किती कंपन्या आहेत हा आकडा या धंद्यात टेनन्सी म्हणून ओळखला जातो, आणि कंपनीचे आरोग्य त्यावरूनच मोजले जाते. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यानंतरच्या काही वर्षांत एअरसेल आणि रिलायन्स कम्युनिकेशन्स यांची सेवा बंद पडली, टाटाचा ग्राहकव्यवसाय एअरटेलकडे गेला, व्होडाफोन आणि आयडिया ३१ ऑगस्ट २०१८ रोजी एक झाल्या. भाडेकरू घटल्याने मनोऱ्यांच्या कंपन्यांना त्याचा जबर फटका बसला. २०१० मध्ये जीटीएलने एअरसेलचे सुमारे १७,५०० मनोरे विकत घेतले होते, आणि मुख्य भाडेकरूच नाहीसा झाल्यावर त्या खरेदीचे ओझे तिला पेलवेनासे झाले. दुसरीकडे जिओचे लाखाहून अधिक मनोरे २०२० मध्ये ब्रुकफील्ड या कॅनडाच्या गुंतवणूकसमूहाच्या ताब्यातील न्यासाकडे गेले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात इंडस टॉवर्स भारती इन्फ्राटेल या मनोऱ्यांच्याच कंपनीत विलीन होऊन एकत्रित कंपनीला इंडसचेच नाव राहिले. अशा रीतीने गच्चीवरच्या यंत्रणेचा मालक आणि फोनवर दिसणारी कंपनी यांची फारकत झाली. ज्या सोसायटीच्या गच्चीवर मनोरा आहे, तिचा भाडेकरार सहसा मनोऱ्याच्या कंपनीशी असतो आणि मोबाइल कंपन्या या पोटभाडेकरूसारख्या असतात. मनोऱ्याविषयी तक्रार कोणाकडे करायची याबाबत रहिवाशांचा गोंधळ उडतो, त्याचे मूळ या रचनेत आहे.

मीरा रोडच्या सोसायट्यांना या करारातून दरमहा उत्पन्न मिळते आणि देखभालखर्चाचा भार हलका होतो, ही बाजू खरी असली तरी सामायिक वापराचा थेट परिणाम इमारतीवरही होतो आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. नवा भाडेकरू आला की अँटेना वाढतात, अँटेना वाढले की वाऱ्याला अडणारे क्षेत्र वाढते, आणि पावसाळ्यात समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्याचा ताण खांबाच्या बुडाशी, म्हणजे स्लॅबवर येतो. बॅटऱ्यांचे वजन त्यात वेगळे. शांतीनगरसारख्या वसाहतींतील अनेक इमारती १९८० च्या दशकात उभ्या राहिल्या आणि खाडीकाठच्या खाऱ्या दमट हवेत त्यांच्या सळ्या गंजण्याचा वेग अधिक असतो. म्हणून मूळ करार करताना घेतलेला रचनेच्या मजबुतीचा दाखला एका भाडेकरूच्या भारावर आधारलेला असेल, तर दुसरा आणि तिसरा भाडेकरू चढवण्यापूर्वी तो नव्याने मागण्याचे कलम करारात असणे आवश्यक आहे. सोसायटीच्या सर्वसाधारण सभांमध्ये चर्चा बहुतेक वेळा भाड्याच्या रकमेवर आणि किरणोत्सर्गाच्या भीतीवर होते, या साध्या अभियांत्रिकी प्रश्नावर क्वचितच होते, ही काळजी करण्यासारखी बाब आहे.

किरणोत्सर्गाच्या बाबतीत सामायिक मनोऱ्यासाठी नियम स्पष्ट आहे. भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून मोबाइल लहरींच्या तीव्रतेची मर्यादा किरणोत्सर्गापासून संरक्षणासाठीच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने सुचवलेल्या पातळीच्या दहाव्या हिश्शावर आणली. ९०० मेगाहर्ट्झच्या लहरींसाठी ती दर चौरस मीटरला ०.४५ वॉट आणि १,८०० मेगाहर्ट्झसाठी ०.९ वॉट अशी ठरली. एका मनोऱ्यावर अनेक कंपन्या असतील, तर प्रत्येकीने आपापली मर्यादा पाळली एवढे पुरत नाही. प्रत्येक लहरीची प्रत्यक्ष तीव्रता तिच्या मर्यादेच्या किती टक्के आहे हे काढून त्या सर्वांची बेरीज केली जाते आणि ती बेरीज शंभर टक्क्यांच्या आत असावी लागते. म्हणजे सामायिक मनोऱ्यावर नव्या कंपनीला उरलेल्या वाट्यातच जागा शोधावी लागते. मनोऱ्यांची ही माहिती नागरिकांना पाहता यावी म्हणून दूरसंचार विभागाने मे २०१७ मध्ये तरंग संचार हे संकेतस्थळ सुरू केले.

सक्रिय सामग्रीचा सामायिक वापर हा याच्या पुढचा आणि अधिक नाजूक टप्पा आहे. त्याचे मुख्य प्रकार दोन. पहिल्यात दोन कंपन्या एकच बेस स्टेशन वापरतात, परंतु ते यंत्र प्रत्येकीच्या स्वतःच्या लहरींवर वेगवेगळे बोलते. दुसऱ्यात लहरीही एकत्र केल्या जातात आणि एकाच लहरीवरून दोघींच्या ग्राहकांना सेवा मिळते, फक्त पुढे गेल्यावर प्रत्येक ग्राहकाचा संदेश त्याच्या कंपनीच्या मध्यवर्ती यंत्रणेकडे, म्हणजे ग्राहकाची ओळख पटवून कॉल आणि डेटा मार्गी लावणाऱ्या कोअर नेटवर्ककडे, वळवला जातो. हे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. प्रत्येक बेस स्टेशन आपल्या परिसरात आपली ओळख सांगणारा क्रमांक सतत प्रसारित करीत असते. त्यातील पहिले तीन अंक देशाचे आणि पुढचे अंक कंपनी व सर्कलचे असतात. मुंबई सर्कलमध्ये एअरटेलचा क्रमांक ४०४-९२, पूर्वीच्या व्होडाफोनचा ४०४-२० आणि सरकारी महानगर टेलिफोन निगमचा ४०४-६९. सिमकार्डवरील नोंदीनुसार फोन आपल्या कंपनीचा क्रमांक शोधतो आणि तो ऐकू आला की त्या केंद्राशी जोडला जातो. चौथ्या पिढीच्या म्हणजे ४जीच्या मानकांत एकाच केंद्राला सहा कंपन्यांपर्यंत क्रमांक प्रसारित करण्याची सोय आहे. म्हणजे एका यंत्राने तीन कंपन्यांच्या ग्राहकांना आपलेसे म्हणावे, ही तरतूद तंत्रज्ञानात मुळातच आहे.

या तरतुदीचा अर्थ ग्राहकाला एका परिचित प्रसंगात प्रत्यक्ष दिसतो. इमारतीच्या जिन्यात किंवा तळघरातील वाहनतळात फोनवर कंपनीचे नाव जाऊन केवळ आपत्कालीन कॉल शक्य असल्याची सूचना येते, तेव्हा फोनला कोणत्या तरी कंपनीचे केंद्र ऐकू येत असते आणि त्या केंद्रावरून ११२ या क्रमांकाला फोन लावताही येतो. आपल्या कंपनीचे केंद्र मात्र ऐकू येत नसते आणि दुसरीच्या केंद्रावर साध्या कॉलला परवानगी नसते. जीव धोक्यात असताना सर्व जाळी सर्वांना खुली, एरवी प्रत्येकीच्या दाराला कुलूप, अशी ही व्यवस्था आहे.

परदेशांत हे कुलूप काही ठिकाणी फार पूर्वी उघडले. स्वीडनमध्ये २००० च्या अखेरीस ३जीचे परवाने वाटले गेले, तेव्हा टेलिया या तेथील जुन्या आणि सर्वांत मोठ्या कंपनीलाच परवाना मिळाला नाही. तिने २००१ मध्ये परवाना मिळालेल्या टेले-२ बरोबर संयुक्त कंपनी काढली आणि दोघींनी मिळून देशभर एकच ३जी जाळे उभारले. भारतात याच्याशी साम्य असलेला प्रसंग २०१० नंतर घडला आणि त्याची सीमारेषा भाईंदरच्या खाडीवरून जात होती.

मीरा-भाईंदर ठाणे जिल्ह्यात असले तरी दूरसंचाराच्या नकाशावर ते मुंबई सर्कलमध्ये मोडते. येथील दूरध्वनी क्रमांकांचा संकेतांक ०२२ आहे आणि महानगर टेलिफोन निगमची सेवा येथवर आहे. खाडीवरचा रेल्वेपूल ओलांडून नायगाव आले की संकेतांक ०२५० होतो, क्षेत्र भारत संचार निगमचे होते आणि सर्कल महाराष्ट्र व गोवा असे बदलते. २०१० च्या ३जी लिलावात परवाने सर्कलनिहाय विकले गेले. एअरटेलला मुंबई सर्कल मिळाले पण महाराष्ट्र मिळाले नाही. आयडियाला महाराष्ट्र मिळाले पण मुंबई मिळाले नाही. व्होडाफोनला दोन्ही मिळाली. परिणामी एअरटेलच्या ज्या ग्राहकाला मीरा रोडला स्वतःच्या कंपनीची ३जी सेवा मिळे, त्याला पुढच्या काही मिनिटांत वसईला पोचल्यावर ती देण्यासाठी एअरटेलला दुसऱ्या कंपनीच्या केंद्रांचा आधार घेण्यावाचून गत्यंतर नव्हते. तिन्ही कंपन्यांनी परस्परांशी करार करून अशी सेवा देण्यास सुरुवात केली. एकाच सर्कलच्या आत दुसऱ्या कंपनीचे जाळे वापरण्याच्या या पद्धतीला सर्कलांतर्गत रोमिंग म्हणतात. ज्या सर्कलचे ३जी स्पेक्ट्रम विकतच घेतले नाही तेथे ३जी सेवा विकणे परवान्याच्या अटींत बसत नाही, असे म्हणून दूरसंचार विभागाने डिसेंबर २०११ मध्ये ती बंद करण्याचा आदेश दिला. प्रकरण दूरसंचार न्यायाधिकरणाकडे गेले, २०१२ मध्ये तेथे दोन सदस्यांत मतभेद झाला, २०१३ मध्ये सरकारने कंपन्यांना मोठा दंड ठोठावला, आणि अखेर २९ एप्रिल २०१४ रोजी न्यायाधिकरणाने कंपन्यांच्या बाजूने निर्णय दिला. सरकारची भूमिका समजण्यासारखी होती, कारण न विकत घेताच स्पेक्ट्रमचा लाभ मिळू लागला तर पुढच्या लिलावात बोली कोण लावील, हा प्रश्न खरा होता. तरीही या वादात गेलेल्या वर्षांमध्ये ग्राहकाची सेवा न्यायालयीन तारखांवर अवलंबून राहिली, ही किंमत त्या हिशेबात कोठेच धरलेली नव्हती.

यानंतर नियम टप्प्याटप्प्याने सैल झाले. सप्टेंबर २०१५ मध्ये स्पेक्ट्रम वाटून घेण्याची आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात स्पेक्ट्रम परस्परांना विकण्याची मार्गदर्शक तत्त्वे आली. फेब्रुवारी २०१६ मध्ये परवान्यांत दुरुस्ती होऊन अँटेना, बेस स्टेशन आणि वहनयंत्रणा यांच्या सामायिक वापराची मुभा पक्की झाली. स्पेक्ट्रम वाटून घेतल्यास द्यावा लागणारा अर्ध्या टक्क्याचा वाढीव आकार सप्टेंबर २०२१ च्या सुधारणांत काढून टाकण्यात आला. मुंबई सर्कलपुरते या धोरणाचे ठळक फळ म्हणजे २०२१ मधील व्यवहार: ८०० मेगाहर्ट्झ पट्ट्यातील आपला काही हिस्सा एअरटेलने मुंबई, दिल्ली आणि आंध्र प्रदेश या तीन सर्कलांत जिओला विकला. तुकड्यातुकड्यांनी दोघींकडे पडलेल्या लहरी एका कंपनीच्या हाती सलग आल्या की त्यांतून अधिक माहिती वाहून जाते, आणि ८०० मेगाहर्ट्झसारख्या कमी वारंवारतेच्या लहरी भिंती भेदून आत शिरत असल्याने दाट वस्तीत त्यांचे मोल अधिक असते. परंतु बेस स्टेशन मिळून वापरण्याची मुभा असूनही मोठ्या खासगी कंपन्यांनी शहरांत ती फारशी घेतलेली नाही. त्यांच्या दृष्टीने रेडिओ हेच स्पर्धेचे शेवटचे साधन उरले आहे. मनोरा सारखा, फोन सारखे, दर जवळपास सारखे, मग वेगळेपण दाखवायचे ते वेग आणि रेंज यांतच.

हा युक्तिवाद अगदीच टाकाऊ नाही, पण तो अटळही नाही, हे मीरा-भाईंदरच्या वीजग्राहकाला इतर कोणापेक्षा लवकर पटावे. हे शहर मुंबईच्या उपनगरांसह ज्या वीजवितरण क्षेत्रात येते, ते पूर्वी रिलायन्सकडे होते आणि आता अदानीकडे आहे. त्या क्षेत्रात टाटा पॉवरलाही ग्राहकांना वीज विकण्याचा अधिकार असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००८ मध्ये मान्य केले, आणि २००९ मध्ये राज्य वीज नियामक आयोगाने अशी व्यवस्था घालून दिली की टाटाकडे जाणाऱ्या ग्राहकाला रिलायन्सच्याच तारांमधून टाटाची वीज मिळावी आणि तारांच्या वापराचे शुल्क आयोगाने ठरवावे. तार एकीची, वीज दुसरीची, बिल दुसरीचे, ही रचना उपनगरांतील लाखो घरांनी अनुभवली. तिच्यातून शुल्काचे वाद निघाले आणि ते दीर्घकाळ चालले, परंतु त्यासाठी प्रत्येक रस्ता दुसऱ्यांदा खणावा लागला नाही. मोबाइलच्या बाबतीत फरक एवढाच की तारांच्या वापराचा दर ठरवणारा जसा आयोग आहे, तसे बेस स्टेशनच्या वापराचा दर ठरवणारे कोणी नाही. तो सर्वस्वी कंपन्यांच्या परस्पर करारावर सोडलेला आहे.

सार्वजनिक क्षेत्रात मात्र सामायिक जाळे आता अपरिहार्य झाले आहे. मुंबई आणि दिल्ली वगळून देशभर सेवा भारत संचार निगमने द्यायची आणि या दोन महानगरांत महानगर टेलिफोन निगमने, अशी विभागणी पुष्कळ वर्षे चालत आलेली होती; कर्जाखाली दबलेल्या महानगर टेलिफोन निगमला स्वतःचे ४जी जाळे उभारणे शक्य नसल्याने तिच्या संचालक मंडळाने २०२४ मध्ये भारत संचार निगमबरोबर दहा वर्षांच्या सेवाकराराला मान्यता दिली. खाडीच्या अलीकडे एक निगम आणि पलीकडे दुसरे, ही मीरा रोडकरांना जुनी असलेली सीमा त्यामुळे निदान सरकारी सेवेपुरती पुसट होत चालली आहे.

सर्कलची ही सीमा रेडिओलहरींना अर्थातच ठाऊक नसते. भाईंदरच्या केंद्राचा संदेश पाण्यावरून विनाअडथळा नायगावपर्यंत पोचतो आणि तिकडचा इकडे येतो, त्यामुळे खाडीकाठच्या घरांत एकाच कंपनीचा फोन कधी मुंबईचा ४०४-९२ तर कधी महाराष्ट्राचा ४०४-९० असा क्रमांक धरतो. रोमिंगचे वेगळे शुल्क होते, तोवर ही गोष्ट ग्राहकाच्या खिशाला झळ लावणारी होती. आता ती झळ राहिली नसली, तरी प्रशासनाच्या दृष्टीने विसंगती शिल्लक आहे: १ ऑक्टोबर २०२० पासून मीरा-भाईंदर आणि वसई-विरार यांचे पोलीस आयुक्तालय एक झाले, पण त्या एका आयुक्तालयाखाली दूरसंचाराची दोन सर्कल आहेत, आणि परवाने, स्पेक्ट्रम व रोमिंगचे करार अजूनही सर्कलच्या हिशेबानेच होतात.

या विसंगतीचे गांभीर्य आपत्तीच्या वेळी कळते. २६ जुलै २००५ च्या प्रलयात मुंबई आणि उपनगरांतील वीज गेल्यावर मोबाइल केंद्रेही मोठ्या संख्येने बंद पडली. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा विजेचे खांब कोसळून अनेक गावांचा फोनसंपर्क कित्येक दिवस तुटला. अशा प्रसंगी एका कंपनीचे केंद्र बंद आणि शेजारचे दुसरीचे चालू असे घडतेच, आणि सर्कलांतर्गत रोमिंग तात्पुरते खुले केले तर चालू असलेले केंद्र सर्वांच्या उपयोगी पडते; ऑक्टोबर २०२४ मध्ये दाना चक्रीवादळाच्या वेळी ओडिशात तसा आदेश देण्यात आला होता. १७ जानेवारी २०२५ पासून सरकारी निधीतून उभारलेल्या सुमारे २७,००० ग्रामीण ४जी मनोऱ्यांवर ही सोय कायमची करण्यात आली. तेथे जिओ, एअरटेल आणि भारत संचार निगम यांपैकी कोणाचाही ग्राहक त्याच मनोऱ्यावरून बोलू शकतो. मात्र निष्क्रिय सामायिक वापराचा एक धोका येथेच मान्य केला पाहिजे. तिन्ही कंपन्या एकाच गच्चीवर, एकाच बॅटऱ्यांच्या रांगेवर आणि एकाच वीजजोडणीवर असतील, तर ती गच्ची अंधारात गेली की तिन्ही एकदम मुक्या होतात आणि रोमिंग खुले करून काही साधत नाही. पावसाळ्यात ज्या भागात पाणी साचून वीजपुरवठा बंद करावा लागतो, तेथे बॅटऱ्यांचा साठा किती तासांचा आहे हा प्रश्न सामायिक मनोऱ्याच्या बाबतीत तिपटीने महत्त्वाचा ठरतो.

इमारतींच्या आतील जाळ्याचा प्रश्न सर्वांत नवा आणि सर्वांत चिवट आहे. मीरा रोडला आता वीस-वीस मजल्यांहून उंच इमारती उभ्या राहत आहेत. गच्चीवरचे अँटेना आडव्या दिशेला लहरी सोडत असल्याने अतिउंच मजल्यांवर, लिफ्टच्या काँक्रीटच्या विहिरीत आणि तळघरांत ती सेवा पोचत नाही, आणि तेथे इमारतीच्या आतच लहान अँटेनांची साखळी बसवावी लागते. प्रत्येक कंपनीने आपली वेगळी साखळी बसवणे जागेच्या आणि खर्चाच्या दृष्टीने अशक्यप्राय असल्याने येथे सक्रिय सामायिक वापराला पर्याय नाही. ती साखळी कोणी बसवायची आणि तिचे भाडे कोणी ठरवायचे, यावरून किती अडू शकते ते मुंबईच्या भुयारी मेट्रो ३ ने दाखवले. मुंबई मेट्रो रेल कॉर्पोरेशनने एका त्रयस्थ कंपनीला सर्वांसाठी एकच जाळे बसवण्याचे काम दिले. त्या कंपनीचे दर अवाजवी असून आपण स्वखर्चाने सामायिक यंत्रणा बसवू, अशी भूमिका मोबाइल कंपन्यांच्या संघटनेने घेतली. ऑक्टोबर २०२४ मध्ये मार्गिकेचा पहिला टप्पा आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये संपूर्ण ३३.५ किलोमीटरची मार्गिका खुली झाली, तरी प्रवाशांना भुयारात रेंज नसल्याच्या तक्रारी कराव्या लागल्या. यंत्रणा बसवण्याची तयारी दोन्ही बाजूंनी होती. दरावर एकमत नव्हते आणि ते घडवून आणणारा अधिकारीही वेळेवर पुढे आला नाही. दहिसरहून मीरा-भाईंदरकडे येणारी मेट्रो ९ उन्नत असल्याने तिला भुयाराचा प्रश्न नाही, पण नव्या गृहसंकुलांना तो आहेच. ट्राय या दूरसंचार नियामक प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये इमारतींना डिजिटल जोडणीच्या दर्जानुसार मानांकन देण्याचे विनियम केले आहेत; घर घेणाऱ्याने पाणी आणि पार्किंगबरोबर हे मानांकनही विचारायला सुरुवात केली, तर विकासकांना आतील नळ्या आणि यंत्रांची जागा सर्व कंपन्यांसाठी सारखी खुली ठेवावी लागेल.

५जीमुळे हाच प्रश्न गच्चीवरून रस्त्यावर उतरला आहे. ५जीचा मुख्य पट्टा ३,३०० मेगाहर्ट्झच्या आसपासचा असून त्या लहरी भिंतींना लवकर हार मानतात, म्हणून दाट वस्तीत लहान केंद्रे जवळजवळ बसवावी लागतात आणि त्यांना मनोऱ्याऐवजी पथदिव्याचा खांब पुरतो. ऑगस्ट २०२२ मधील नियमदुरुस्तीने अशा खांबांच्या वापराचे शुल्क शहरी भागात दर खांबामागे वर्षाला ३०० रुपये आणि ग्रामीण भागात १५० रुपये असे ठरवून दिले, आणि १ जानेवारी २०२५ पासून मार्गहक्काचे नवे नियम लागू झाले. खांब पालिकेचे असल्याने येथे घरमालकाची भूमिका पालिकेकडे येते. एका कंपनीला एक खांब दिला आणि पुढचा दुसरीला, असे वाटप झाले तर मीरा रोडच्या अरुंद सेक्टर रस्त्यांवर खांबाखांबाला वेगळी पेटी आणि वेगळी खणाई होईल; तेच खांब, वीज आणि फायबर एकत्रित स्वरूपात सर्व कंपन्यांना समान दराने देण्याची अट पालिकेने परवानगीतच घातली, तर गच्च्यांवर जे २००७ नंतर उशिरा घडले ते रस्त्यांवर सुरुवातीलाच घडून येईल.